आवाजासकट

रविवार, ९ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील. फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही.

इकडचं सांगते. आईच्या उजव्या हाताची बोटं आता थोडी वळतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई तिच्या मुठीत चेंडू देतात आणि म्हणतात, "दाबा आई, होणाऱ्या सुनेचा गळा समजून दाबा." आई हसते. हसताना तोंड अजून एकाच बाजूला जातं, मग ती डाव्या हाताने आपणच ओठ पुसते. बोलणं मात्र नाही. "आ" आणि "न", एवढंच. मला बोलवायचं असलं की पेल्यावर चमचा वाजवते.

बाबा गॅरेजात जातात. आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. "तुम्ही घ्या, मी मागाहून बघतो" म्हणतात आणि ओट्याशी उभ्यानेच उरकतात. फोन कायम छातीच्या खिशात, आवाज पूर्ण मोठा. परवा गाडीखाली आडवे असताना कुठल्यातरी जाहिरातीचा फोन आला, तर इतक्या घाईने उठले की कपाळ फुटलं. टाके पडले. मालक म्हणाले, "काय हो, लॉटरी लागली की काय?" बाबा हसले नाहीत. का, ते तुला माहीत आहे. आईला अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी तिने त्यांना फोन केला होता आणि हात ग्रीसने बरबटलेले म्हणून त्यांनी तो उचलला नव्हता. डॉक्टर नंतर सहज बोलून गेले, थोडं आधी आणलं असतं तर वाचा राहिली असती. ते वाक्य बाबांच्या मनातून गेलेलं नाही.

माझी लॅब चालू आहे. एका कारखान्याच्या पाण्याच्या अहवालात साहेबांनी आकडा "जरा सौम्य करा" म्हणून सांगितलं. मी सही केली नाही. साहेब म्हणाले, "घरात पहिलीच पदवी आली की अशी डोक्यात जाते." जात असेल. पण खोट्याखाली सही करायची होती तर मी शिकले कशाला?

आता तुझ्या कामाचं.

तू लिहिलंस, "ताई, तू तपासणाऱ्यांत आहेस, तू सांगितलंस तर मास्तर ऐकेल." स्पीडरनच्या, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या, या नादाला मला तूच लावलंस. माझा हात काही चालेना, तेव्हा म्हणालास, "तू चुका काढायलाच जन्मली आहेस, तपासायला बस." तेव्हापासून मनोऱ्याच्या त्या जुन्या गेमचे व्हिडिओ मी ग्रुपसाठी तपासते. मला ती माणसं मनापासून आवडतात. एकमेकांचं तोंड न पाहिलेली, कुठे कुठे बसलेली, सगळ्यांनी टाकून दिलेला गेम अर्ध्या सेकंदाने लवकर संपवता यावा म्हणून महिनोन्‌महिने झटतात, आणि नवी युक्ती सापडली की ती दडवून न ठेवता सगळ्यांना शिकवतात. मला वाटायचं, जग असंच असायला हवं.

नियमही तूच शिकवलेला. व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग हवा, खोलीच्या आणि बटणांच्या आवाजासकट. कारण लबाड लोक वेगवेगळ्या खेळांचे तुकडे जोडतात, आणि चित्रात न दिसणारा जोड आवाजात सापडतो. तुझ्या विक्रमाच्या व्हिडिओत मधली काही मिनिटं आवाजच नाही. मास्तरने, म्हणजे आपल्या मुख्य तपासनिसाने, लिहिलं, "इथे कात्री चाललेली दिसते." मग बाकीचे तुटून पडले. तुझं नाव शिंपी ठेवलं. "शिंपीबुवा, आमच्या पँटलाही ठिगळ लावा की." तू म्हणत राहिलास, माइक बिघडला होता.

मला तुझी कणव आली. तू चोर नाहीस, हे मला ठाऊक होतं. मूळ व्हिडिओ तुझ्या इथल्या कॉम्प्युटरवर असणार म्हणून मी तो उघडला. तुला सोडवायला उघडला, एवढं लक्षात ठेव.

आधी तारीख पाहिली. तोच दिवस होता.

तू सगळ्यांना सांगितलं होतंस, कानावर हेडफोन होते, काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांना सांगितलंस, बाबांना सांगितलंस, मला सांगितलंस. आईनेही मान हलवून दुजोरा दिला होता. आम्ही तुला चकार शब्द बोललो नाही.

माइक उत्तम होता, बारक्या.

तू मनोऱ्यातल्या विहिरीपाशी पोचतोस. आतून आई म्हणते, "बारक्या, जरा येतोस का रे?" बटणं चालूच. "अरे, हात कसातरीच होतोय माझा." तू म्हणतोस, "आई, रन चालू आहे गं! एवढं संपू दे ना!" आणि आई म्हणते, "बरं."

मग ती स्वतःशीच पुटपुटते, "हे पण उचलत नाहीत." शब्द जड झालेले. मग काहीतरी पडतं. भांडं नव्हे. तुझी बटणं क्षणभर थांबतात. तेवढाच भाग मी कितीदा ऐकला. थांबतात, आणि पुन्हा सुरू होतात. तिथे वेळ गेला नसता तर विक्रम आणखी चांगला झाला असता.

शेवटी तू ओरडतोस, "आई, झालं! पहिला आलो!" तेवढं तू आवाजासकट ठेवलं होतंस. लोकांनी त्याखाली लिहिलं होतं, "आधी आईला सांगितलं, गुणी बाळ."

हे सगळं तू पुसून का टाकलं नाहीस, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर सोपं होतं. विक्रम होता ना त्यात.

गेल्या महिन्यात बाबा फोनवर तुझ्यापाशी रडले, तेव्हा मी शेजारीच होते. "माझ्यामुळे झालं रे, मी उचलायला हवा होता." आणि तू म्हणालास, "जाऊ द्या बाबा, मी नाही मनात धरत." तू त्यांना माफ केलंस! त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता.

मी बाबांना व्हिडिओ ऐकवला. वाटलं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. ते खाली बघत ऐकत राहिले. संपल्यावर तुझ्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "ते परत लाव गं. 'जरा येतोस का' म्हणते ते." मी लावलं. "बघ, किती स्वच्छ बोलायची." आता कामावरून आले की रोज तेवढंच लावायला सांगतात. जेवण अजून उभ्यानेच.

मी काय पाठवणार आहे, ते आईला कळलं. "न" म्हणाली. पुन्हा "न". डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात जोर आहे अजून. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. हळूच सोडवली, रागावू नकोस. ती आयुष्यभर सगळ्यांना "बरं" म्हणत आली. कुणीतरी एकदा तिचं न ऐकता खरं ते करायलाच हवं होतं.

काल मूळ व्हिडिओ मी मास्तरकडे पाठवला, पूर्ण. मी खेळणाऱ्याची बहीण आहे, तेव्हा तुम्हीही तपासा, असं स्वच्छ लिहिलं. त्याने तपासला. मग एवढंच आलं, "कुठेही जोड नाही. नियमाप्रमाणे मंजूर." शिंपी म्हणणाऱ्यांनी आपापली वाक्यं काढून टाकली. अभिनंदन कुणी केलं नाही.

तुझं नाव सगळ्यांत वर आहे आणि त्याखाली व्हिडिओ आहे. विहिरीपाशी तू भिंतीतून ज्या सफाईने आरपार जातोस, तसं अजून कुणालाच जमलेलं नाही. ज्याला तुझा विक्रम मोडायचा असेल, त्याला तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावून शिकावा लागेल. मी नीट तपासलं आहे. तुझा खेळ फार चांगला आहे, बारक्या. बरीच वर्षं टिकेल.

तुझा विक्रम खरा ठरवणारी,
ताई