लॉगिनच्या पानावर आधी कोणती भाषा

१२ जून
लॉगिनच्या पानावर आधी कोणती भाषा दिसावी, यावर आज दीड तास बैठक! आमच्या रुग्णालयाची वेबसाइट – पेशंटनी घरबसल्या आपले रिपोर्ट पाहावेत म्हणून मीच बनवलेली. व्यवस्थापक म्हणाले, इंग्रजीच हवी, संस्थेचा दर्जा दिसतो. (त्यांना सगळे परिपत्रक म्हणतात. बोलतातच तसं.) मराठीसाठी कोपऱ्यात बटण आहेच की. मी म्हटलं, ते बटण सापडायलाच इंग्रजी यावं लागतं. मोठ्या डॉक्टरांनी बैठकभर कागदावर एक बदक काढलं आणि शेवटी मला पुरावा आणायला सांगितलं. बदक छान होतं.

१३ जून
दिवसभर चौकशीच्या खिडकीत, तिथल्या मावशींच्या शेजारी बसून होते. एकतीस माणसं फक्त लॉगिन जमत नाही म्हणून आली. एका बाईंनी 'यूझर नेम' असं लिहिलेल्या चौकटीत, एकेक अक्षर शोधून, 'यूझर नेम' असंच टाइप केलं होतं. तिथे तेच लिहिलंय, म्हणाल्या. खरंच लिहिलंय. मीच लिहिलंय.

१५ जून
आईला हे सगळं सांगितलं. एवढ्याशासाठी दीड तास? म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.
तिच्या हृदयाचे रिपोर्ट याच वेबसाइटवर येतात – इंग्रजीत. मी वाचून सांगते. सांगते म्हणजे गाळून. झडप खराब होत चाललीय, शस्त्रक्रिया करावी लागेल, असं मार्चपासून येतंय. मोठ्या डॉक्टरांशीही मीच बोलते, ती बाहेर बाकावर. तिला सांगते, औषधं चालू ठेवायचीत, बस. योग्य वेळ आली की सांगेन. मार्चपासून वेळ काही येत नाहीये.

१८ जून
मराठी पानाची चाचणी. पहिला मान परिपत्रकांना. 'परवलीचा शब्द' इथे जे अडकले ते अडकलेच! ही कुठली भाषा, म्हणे. शब्दकोश पालथा घालून शोधला होता मी तो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "अगं, पासवर्ड लिही. सगळे तेच म्हणतात." मग 'प्रवेश करा' हेही त्यांनी खोडायला लावलं. आता बटणावर 'आत या' आहे. मी या विषयात पदवी घेतलीय, हे त्यांना सांगायचं राहिलं.

२२ जून
जिंकलो! मराठी आधी, इंग्रजी वर उजवीकडे, ठळक अक्षरात. 'चाचणीदरम्यान मी सुचवलेल्या सुधारणांनुसार' असं परिपत्रकांनी इतिवृत्तात घालून घेतलं. घेऊ देत बापडे. मोठे डॉक्टर म्हणाले, मग प्रत्येक रिपोर्टखाली मीही दोन ओळी मराठीत लिहीत जाईन. जुन्या रिपोर्टवरसुद्धा. सगळ्यात आधी टाळ्या मीच वाजवल्या. मग लक्षात आलं – जुन्यांत आईचेही आले.
पण ती कशाला उघडतेय? मी आहे ना.

१ जुलै
नवं पान सुरू. खिडकीत दिवसभरात चारच जण. मावशींनी विणकाम आणलंय आणि कंटाळा येतो म्हणून माझ्यावरच फुगल्यात.

६ जुलै
आईने परवा स्वतः लॉगिन केलं. सगळे रिपोर्ट वाचले, मार्चपासूनचे. काल माझ्या नकळत मोठ्या डॉक्टरांना भेटली, शस्त्रक्रियेची तारीखही घेऊन आली. एकोणीस. आज जेवताना सांगितलं – रागावून नाही, मीठ मागावं तसं.
माझा घास तसाच राहिला. तिने पाठीवरून हात फिरवला.
"कालच सांगणार होते," म्हणाली. "पण तू घाबरशील, म्हणून राहिले."