फुकटची दुभाषी

प्रिय बडबडे,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर गाठतेय. निम्म्यात फाडू नकोस.

तुझी कॉट अजून रिकामीच आहे. तिच्यावर मी ओले टॉवेल वाळत घालते आणि इन्चार्ज सिस्टरला शिव्या घालते, कारण ऐकून घ्यायला दुसरं कुणी नाही. तू ज्या सर्जरी वॉर्डातून निघून गेलीस, तिथेच आता माझं पोस्टिंग आहे. सकाळी बाकीच्या मुली ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन निघतात. मी हातमोजे चढवते न चढवते तोच हाक येते, तुझ्या भाषेतली कुणी बाई आलीय, तिला काय होतंय ते विचार; इथे आपली भाषा दुसऱ्या कुणाला येतच नाही ना. मग अपघात विभाग, मग बाळंतिणींचा वॉर्ड, मग एक्स-रे. दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे वाहते. नाही तरी कसं म्हणायचं गं? काल एक आजोबा ऑपरेशनला जाताना माझा हात सोडेनात. विचारत होते, पोरी, ही माणसं माझा पाय तर नाही ना कापणार? नाही म्हटल्यावर ढसाढसा रडले. त्यांना तसंच सोडून कुणाची पट्टी बदलायला जाऊ?

आणि सोमवारी सिस्टर म्हणते, तुझा हात बसलेला नाही, एकही ड्रेसिंग मी तुला करताना पाहिलेलं नाही, मी पास कशी करू? मी म्हटलं, तुम्हीच तर मला पाठवत होता. तर हसून म्हणाली, पेशंट तुझं फार कौतुक करतात हो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झालीय. या पोस्टिंगमध्ये नापास झाले की कोर्समधूनच बाहेर.

घरी बाबा आतापासूनच सगळ्यांना सांगत सुटलेत, आमची नर्सबाई म्हणून. आईला मी फोनवर सगळं छान चाललंय म्हणते, आणि फोन ठेवला की नळ सोडून रडते. खरं सांगते, आता माझ्यात काही उरलं नाही.

आपल्या कॉलेजच्या मॅडम माझ्यासाठी भांडायला तयार आहेत. गुरुवारी सकाळी त्यांनी हॉस्पिटलमध्ये मीटिंग लावलीय. पण सिस्टर म्हणणार, ही एकटीच पोरगी कच्ची. मॅडमनी विचारलं, आधी कुणाचं असं झालंय का? मी तुझं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, ती तर घरच्या अडचणीमुळे गेली, तिनंच सांगितलं होतं. बडबडे, कसली घरची अडचण? तुलाही असंच हॉस्पिटलभर पळवलं आणि शेवटी कच्ची ठरवलं, हे मला माहीत आहे. तू लाजेनं गप्प बसलीस आणि मीही तुला बोलू दिलं नाही, म्हटलं जाऊ दे. आता मी पाया पडते, गुरुवारी ये. फार बोलू नकोस, तुझ्या बाबतीत काय झालं तेवढंच सांग. तू आली नाहीस तर मीही मॅडमना घरची अडचण सांगून सामान बांधीन, आणि पुढच्या वर्षी आपल्यातली तिसरी कुणीतरी इथे येईल. येणार की नाही, ते कळवत बसू नकोस. तू दारात दिसलीस, की मी बोलायला लागेन.

तुझीच,
ढमी