पुढची सीट तुमची

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. तुम्ही दोघं इथे आलात की पाच दिवस डोंगरात फिरायचं नक्की केलंय. तुमची सूनबाई नकाशात रोज एक तळं वाढवते. दिवसभर डिलिव्हरीची व्हॅन चालवून आल्यावर वाद घालायचं त्राण उरत नाही, म्हणून मी हो म्हणतो.

आईचे गुडघे कसे आहेत? घाटात तिला मळमळतं, तेव्हा दर तासाला थांबू.

तुम्ही तीस वर्षं बस चालवलीत. शेजारी बसलात की तुमचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत राहतो. मागच्या वेळी वैतागून मी तुम्हाला मागे बसवलं होतं. या वेळी पुढेच बसा. परवा सिग्नलला माझा डोळा लागला.

एवढं शेवटचं आईला वाचून दाखवू नका.

तुमचा,
थोरला