नावाड्याच्या बायकोचा अर्ज

मी, फू चिंगवन, वय बासष्ट, विद्यापीठातली इतिहासाची प्राध्यापक, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. अक्षर कापतंय ते भीतीने. बुद्धी ठिकाणावर आहे.

१. राहत्या दोन खोल्या विद्यापीठाच्या. त्यांवर माझा हक्क नाही. दारावर परवा लाल रक्षकांच्या पोरांनी ‘परकीयांची हेर’ असं रंगवलंय. ज्यांनी रंगवलं त्यांनीच पुसावं.

२. बँकेतली शिल्लक, शिवणयंत्र आणि लोकरी कोट लानचौ येथील माझी मुलगी शुजन हिला. शुजन, आईशी संबंध तोडला असं लिहून मागितलं तर देऊन टाक. मी रागावणार नाही. कोट मात्र टाकू नकोस, तिकडे थंडी फार.

३. सहकारी कंग शाओपाय यांनी अकरा वर्षांपूर्वी माझा तहनाम्यांचा पहिला खंड नेला तो नेलाच. परवा माझ्यावर आरोप करायला भरवलेल्या सभेत, मी लंडनला जाऊन काय वाचलं, तेही त्यांनीच सांगितलं. दुसरा खंडही त्यांना द्यावा. अर्धवट वाचलेला माणूस फार बोलतो.

४. लंडनला वाचलं ते असं: आपल्याच बंदरात गोऱ्याने आपला माणूस मारला, तरी खटला गोऱ्यांच्या वकिलातीतच चाले. त्या निवाड्यांवर मी सव्वीस वर्षं ग्रंथ लिहीत होते. काल आमच्याच विभागातल्या प्राध्यापक थाओंना गळ्यात पाटी अडकवून रस्त्यातून फिरवलं. आज सकाळी मी आठही प्रकरणं चुलीत घातली. कोणी सांगितलं नव्हतं. मीच घाबरले.

एक कागद उरला. गोऱ्या खलाशाने बुडवून मारलेल्या नावाड्याच्या बायकोचा अर्ज. नक्कल माझ्या हातची, मूळ कागद युद्धात जळाला. तोही चुलीत घालणार, तेवढ्यात ओळखीची एक बाई आली. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवला.

“मग? शिक्षा झाली का मेल्याला?”

“नाही. बोटीत बसवून मायदेशी पाठवला.”

“अहो बाई, मग जाळता कशाला? तिचं गाऱ्हाणं अजून कोणी ऐकलंच नाही की!”

तिने कागद हातातून ओढून घेतला. कुठे ठेवणार, ते मी विचारलं नाही. मार बसला तर मी सांगून टाकेन, स्वतःला ओळखते.

५. तो अर्ज मी कोणाच्या नावे करत नाही, तो माझा नव्हताच. पुढे कोणी हा इतिहास लिहायला बसलं, तर सुरुवात त्या नावाड्याच्या बायकोपासून करावी. मी वकिलातीपासून केली होती.

सही: फू चिंगवन
साक्षीदार: अंगठा उमटवला आहे. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.
दुसरा साक्षीदार: कोणाला विचारायचं धाडस झालं नाही.

नानचिंग, २४ ऑगस्ट १९६६