पुलाला लागलेला पायगुण

३ मार्च २०२४
मुलाच्या, देवदत्तच्या घरी पोचले. जर्मनीतल्या आखन शहराजवळचं लहानसं गाव. खिडकीतून जुना दगडी पूल दिसतो: तीन कमानी, करडा-निळा दगड, मधली कमान जरा उंच. देवदत्त त्याच्याच दुरुस्तीवर आहे. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालयातलं हाती येईल ते वाचलं. मी विचारलं, माथ्याचा दगडच दोन्हीकडचा रेटा धरतो ना? हसून म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, आई! तुलाच कामावर घेतो. नात ऊर्जा माझ्याशी जर्मनच बोलते, पण मांडी सोडत नाही.

७ मार्च
मधल्या कमानीला फट आहे. चुना भरला तरी पुन्हा उघडते. फोटोत माणसावरून उंची कळावी म्हणून देवदत्तने मला वर उभं केलं. संध्याकाळी फट मिटलेली! सून नीलांबरी म्हणाली, अहो आई, तुमचा पायगुण. हे गेले तेव्हा सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हटलं, पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेर बसवलं. आता कुणाला तरी माझी पावलं हवीत. हसले.

१५ मार्च
रोज उभी राहते. पाय गार पडतात ते घरी येऊनही गारच. आज मोजा काढला. अंगठा करडा. नखाने वाजवला, दगडासारखा वाजला. देवदत्त म्हणाला, तपासणी झाली की माझी नोकरी पक्की होईल, तोवर उभी राहा ना. पायाकडे बघितलं नाही.

१९ मार्च
गेले नाही. फट उघडली, हात जाईल एवढी. माझे पाय मात्र गार, करडेच राहिले. देवदत्त ताटावरून उठला. म्हणाला, बाबांनाही तू असंच छळलंस.

२१ मार्च
त्याने ऊर्जाला उभं केलं. स्वतःच्या पोरीला! एकच फोटो, म्हणे. फट लगेच मिटली. मग उचलायला गेला तर ती उचलेना. तिघांनी मिळून ओढलं—एक बूट तिथेच राहिला.

२२ मार्च
पोरीची टाच करडी. डॉक्टर म्हणतात, थंडीने. मी पुलावर जाऊन उभी राहिले—नीलांबरीचा फोन, टाच कोमट झाली. परतले, पुन्हा गार. पुलाला कुणीतरी हवंच.

२३ मार्च
पुलावरच लिहितेय. गुडघे वाकत नाहीत. खिडकीत ऊर्जा उड्या मारतेय, दोन्ही पायांवर. तपासणीवाले खूश. देवदत्तने कॅमेरा लावलाय. वाटलं, म्हणेल, आई, चल घरी—

म्हणाला, हलू नकोस.

कंबर गेली—हात अजून—देवदत्त, निदान एकदा वर बघ, मी