करवंदांचा जाम

सक्करदरा, १२ मे १९७४, रविवार संध्याकाळ

काकूंनी, म्हणजे मालूच्या आईने, माझी बरणी तिला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे ठेवली, त्या क्षणी माझं सगळंच बदललं. म्हणे, "जाम आमच्या मालूनंच केला!"

मालूनं? करवंदं मी आणली. ढवळताना चटका माझ्या बोटाला बसला. शेजारच्या मालूला आवडतो म्हणून मी अख्खा दिवस चुलीपुढे काढला, आणि तोच जाम दाखवून तिचं लग्न दुसऱ्याशी जमवता? वर मलाच खुर्च्या मांडायला बोलावता?

मुलाच्या आईने विचारलं, "बिया कशा काढल्या वं?"

मालूने माझ्याकडे पाहिलं. मी का म्हणून वाचवू?

"मले विचारा," मी म्हणालो. "जाम मी केला."

काकू हसल्या. "शेजारचा पोरगा आहे. कॉलेज सोडल्यापासून असाच बरळते."

सगळे हसले. बोट ठणकत होतं. मी मालूकडे बघत राहिलो. एकदा तरी खरं बोल वं!

ती मान खाली घालून म्हणाली, "शिजवून गर चाळणीवर घासला. बिया वरच राहतात."

काल बरणी देताना मीच तिला सांगितलेलं. शब्द न् शब्द माझा.

मी उठलो, बाहेर आलो आणि दार धाडकन ओढून घेतलं.