नवव्या मजल्यावरचे नवरदेव

प्रिय आई,

"नकाशे रंगवून कुणाचं पोट भरलंय का गं?" बारावीनंतर मी भूगोल घेतला तेव्हा तू म्हणाली होतीस, कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता. इथे सिंगापुरात मी तेच करून पोट भरते. डेंग्यूचे रुग्ण कुठे निघाले, डास कुठे सापडले ते नकाशावर रंगवायचं आणि पथकं आधी कुठे पाठवायची ते त्यावरून ठरवायचं. पण तू इथे राहून गेल्यापासून ऑफिसात माझी ओळख 'त्या आईची मुलगी' एवढीच उरली आहे.

तुला विमानतळावर सोडून महिना झाला. फोन केला की "मी ठणठणीत आहे, ठेव आता, बिल येईल" म्हणतेस. व्हॉट्सअ‍ॅपला बिल येत नाही हे तुझ्या नातीने, इराने तुला कितीदा सांगितलं. म्हणून हे पत्र. निदान ते तुला मध्येच तोडता येणार नाही.

आमच्या बिशानच्या इमारतींमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडत होते, आठवतं ना? ते चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. मी समजावलं, अमेयने जावयाच्या अदबीने समजावलं, इरा तर इथल्या मुलांच्या इंग्रजीत "आज्जी, दे डोंट बाइट लाह!" म्हणून नाचली. तू म्हणालीस, "चावत नाहीत तर घरात कशाला शिरतात? नवरदेव असतील तर लग्नं बाहेर लावा." आम्हाला वाटलं, विषय संपला. पण आम्ही कामावर असताना तू तुळशीबागेतून आणलेली विजेची रॅकेट घेऊन रोज तिन्हीसांजेला कॉरिडॉरमध्ये उभी राहत होतीस. समोरच्या टॅन आंटी झाडू घेऊन सोबतीला. तुम्हा दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण "तो बघ, तो बघ!" हे कुठल्याही भाषेत कळत असावं.

इकडे माझ्या नकाशावर आमचाच नववा मजला कोराच्या कोरा. वरच्या-खालच्या मजल्यांवर सापळ्यांत आमचे नर सापडत होते, नवव्यावर एकही नाही. माझा सहकारी वरद वाऱ्याची दिशा मोजत बसला. मी लिफ्टवर संशय घेतला. शेवटी पथक पाहणीला आलं, तर दारात तू! "सगळे मीच मारलेत," म्हणून श्रीखंडाचा डबा उघडून दाखवलास आणि वर त्यांना शिरा खायला बसवलंस. डब्यातले डास तपासले, तर सगळे नर. एकही मादी नाही. म्हणजे आई, तू नेमके निरपराधच टिपलेस! अहवालात तुझी नोंद 'स्थानिक भक्षक' अशी झाली आहे. वरदने ती साहेबांसमोर इतक्या गंभीरपणे वाचली की साहेबांनी विचारलं, पाल का?

सगळे हसले. मला नीटसं हसता आलं नाही. बाबा डेंग्यूने गेले, तेव्हापासून तू डासाची जात विचारत नाहीस, हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं.

काल शेजारच्या नीताकाकूंचा फोन आला. तू तापाने निजून होतीस, डबा त्या देत होत्या, तपासणीला रिक्षाने त्यांनीच नेलं, आणि "विभाला कळवू नका" अशी तू त्यांना शपथ घातलीस. डेंग्यू नव्हता म्हणे. इथल्या हौगांग भागात कुठल्या इमारतीत ताप आहे ते मला सकाळच्या चहाआधी कळतं, आणि माझ्या आईचा ताप मला तो उतरल्यावर कळतो. इथे आईला जास्त मुदतीसाठी राहता येतं का, ते अमेयने आपणहून विचारून ठेवलं आहे. तू म्हणशील, जावयाच्या घरी चार दिवस राहावं, मुक्काम ठोकू नये. वर म्हणशील, माझी भिशी आहे, माझं घर आहे. नाहीच म्हणशील. तरी मागते: ये, आणि या वेळी परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझीच,
विभा